खटका माझ्याच बोटानं पडला

बुऱ्हानपुरात सभा कोणाची बी असो, लाऊडस्पीकर माझा. शाळा दुसरीपर्यंतच, पण वायर कुठून कुठे गेली ते डोळे मिटून सांगतो.

त्या दिवशी भैयाजींची पत्रकार परिषद होती. भैयाजी म्हणजे इथले मोठे नेते. त्यांच्या माणसानं, मनोजनं, आधीच पत्रकारांना चिठ्ठ्या वाटल्या. कोणी काय विचारायचं ते लिहूनच दिलं! मला म्हणे, "लोटूभाऊ, मी कानाला हात लावला की माईक बंद."

पहिला उठला रोहित, मोठ्या चॅनलचा. चिठ्ठी बघून विचारतो, "भैयाजी, एवढं फिरता, तरी चेहऱ्यावर एवढं तेज कसं?"

मेल्या, नेत्याला विचारतो का नवरीला?

मग भारती उठली. पोरगी मोबाईलवर बातम्या चालवते. तिच्या हातात चिठ्ठी नव्हती. "निंबोल्याच्या पुढच्या वस्तीत पाण्याची टाकी बांधली. दोनदा फीत तुम्हीच कापली. टाकीला पाईपच नाही. पाणी कधी?"

ती वस्ती माझी. टाकीचं तिला मीच सांगितलेलं. माझी बायको गोदा रोज दीड कोस हंडे वाहते.

मनोजनं कानाला हात लावला. अन् माझ्या बोटानं खटका पाडला. सवयीनं.

भैयाजी हसले. "बेटी, आवाज नहीं आ रही."

"कोणत्या पार्टीनं पाठवलं गं तुला?" रोहित ओरडला. सगळे खिदळले. अरे, तहान लागली म्हणायला बी पार्टी लागते का? पोरगी घसा बसेपर्यंत विचारत राहिली. भैयाजी पोहे खायला उठले, पत्रकार त्यांच्या मागं.

मी वायर गुंडाळत होतो. भारती आली.

"काका, बंद तुम्ही केला?"

"हो."

"मग बातमीत कोणाचं नाव टाकू? नाव नसलं तर हे लोक म्हणतील, बनावटी है."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माझं डोकंच फिरलं. तिच्यावर नाही, या बोटावर. वायर फेकली. "काढ मोबाईल. तोंड साफ दिसलं पाहिजे. नाव लोटू, वस्तीचं नाव बी टाक."

मनोज प्लेट घेऊनच पळत आला. "लोटूभाऊ, सोच लो! पुढच्या सभा?"

"दुसरा बघ. अन् बाजूला हो, उजेड अडवतोस."

मग सांगितलं. टाकीचं बी, खटक्याचं बी.