आडोशाची आग

प्रयोगशाळेत त्याला सगळे आगलावे म्हणत. हे त्याचं आडनाव नव्हे, काम. पोलादी खोलीत ट्रे मांडायचा, तळाला पाणी, त्यावर डिझेल ओतून पेटवायचं, आणि छतातल्या फवाऱ्यांमधून धुक्यासारखं बारीक पाणी सुटलं की आग विझते का ते काचेतून बघायचं. इतकी वर्षं आगी लावूनही गडी स्वभावाने थंडगार.

त्याची बायको त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. तीही आगीच लावायची, पण संगणकात. पडद्यावरच्या खोलीचे बारीक बारीक चौकोन पाडायचे आणि प्रत्येकात उष्णता किती, हवा किती, वाफ किती, हे संगणकाकडून काढून घ्यायचं. खालची आग चहा निवायच्या आत विझे, वरच्या आगीला आठवडा पुरत नसे.

"तुझ्या आगीवर हात तरी शेकून दाखव," तो चिडवायचा.

"तुमच्या आगीला डोकं लागत नाही," ती म्हणायची. संसार बरा चालला होता.

अडचण एकच. ती बोलकी, आणि हा हुंकार देणारा. संध्याकाळी हा भांडी घासायला उभा राहिला की ती शेजारी टेकून दिवसभराच्या आगीची कहाणी सांगे, आणि हा नेमक्या जागी 'हं' म्हणे. जागा कधी चुकायची नाही. कान मात्र तिथे नसायचे. गेले काही दिवस तिचं एकच पालुपद होतं: "मोठी आग विझते हो, पण आडोशाची छोटी काही केल्या विझत नाही." आडोसा म्हणजे ट्रेवर टेबलासारखा धरलेला पत्रा. एवढं वाक्य याच्या डोक्यात शिरलं. पुढचं शिरलं नाही, कारण तेव्हा नळ चालू होता.

मग साहेबांनी जाहीर केलं की पडद्यावर दिसतं तेच खोलीत दिसलं नाही तर संगणकाचं काम बंद, आणि बाईंची बदली खरेदी विभागात. त्या दिवशी ती जेवली नाही. आपली बायको खुर्च्यांचे भाव विचारत बसली आहे, ही कल्पनाच आगलाव्याला सहन होईना.

"काळजी करू नकोस, मी आहे ना," तो म्हणाला. तिने बिचारीने विश्वास ठेवला.

चाचणीच्या दिवशी आधी मोठा ट्रे पेटला. धुकं सुटलं, वाफेने खोली कोंदली, आग गुदमरून विझली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग आडोशाखालचा छोटा ट्रे. त्यात आगलाव्याने पाण्यावर जेमतेम तवंग येईल एवढंच डिझेल ओतलं. पेटवलं, बाहेर आला, धुकं सुटलं आणि बघता बघता आग विझली. त्याने ऐटीत बायकोकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, तुमच्या गणिताप्रमाणे ही जळत राहायला हवी होती ना?"

जळत राहायला? आगलाव्याने वळून काचेतून विझलेल्या ट्रेकडे पाहिलं.

"हो," ती हळू आवाजात म्हणाली. "मोठी आग पाण्याची एवढी वाफ करते की स्वतःच गुदमरते. छोटीला तेवढी वाफ करता येत नाही, आणि पत्र्याखाली धुकंही पोचत नाही. म्हणून तिथे वेगळा फवारा हवा, असं माझं म्हणणं होतं. पण चुकलं दिसतंय."

नळाखाली वाहून गेलेलं वाक्य ते हेच. आता गप्प बसलं तर आपली अब्रू शाबूत, पण हिच्या कामाचं वाटोळं. त्याला फार विचार करावा लागला नाही.

"साहेब, तिचं नाही चुकलं. डिझेल मीच कमी ओतलं. ते जळून संपलं, धुक्याने आग विझलीच नाही."

"पण का?"

"मला वाटलं, विझत नाही ही हिची तक्रार आहे. विझायला हवी."

फवाऱ्यांचा पंप सांभाळणारा फस्सकन हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी सगळ्यांदेखत आगलाव्याची बिनपाण्याने केली आणि दुसऱ्यांदा ट्रे भरला तेव्हा स्वतः शेजारी उभे राहिले. धुकं सुटलं. खोली पांढरी झाली, पंप दमला, पण पत्र्याखालची आग हक्काच्या घरात बसावी तशी निवांत जळत राहिली. शेवटी आगलाव्याने झाकण टाकून ती मारली. आग विझली नाही म्हणून त्या खोलीबाहेर पहिल्यांदाच टाळ्या वाजल्या.

"फवारा पत्र्याखाली धरून पुढचं गणित करा," साहेब तिला म्हणाले, आणि याच्याकडे वळून, "तुम्ही काही दिवस डिझेलच्या डब्याला हात लावायचा नाही."

संध्याकाळी तो भांडी घासत होता. ती शेजारी येऊन टेकली.

"खरं तर तुमचा राग यायला हवा," ती म्हणाली. "पण माझ्यासाठी एवढं केलंत, म्हणून येत नाही मेला. नुसतं ऐकलं असतंत तरी पुरलं असतं हो."

त्याने नळ बंद केला, हात पुसले आणि स्टूल ओढून समोर बसला. "सांग. अगदी पहिल्यापासून."

ती सांगू लागली. मध्येच त्याने हात वर केला. "थांब. वाफ हवेला ढकलते म्हणतेस, पण ढकलते कुठे?"

लग्न झाल्यापासून त्याने तिला असा प्रश्न कधी विचारला नव्हता. उत्तर तिला तोंडपाठ होतं, पण ते सांगण्याआधी तिनेही एक स्टूल ओढून घेतलं.