एका वळणाचे चौदा शब्द

रॅलीतला पहिला टप्पा संपल्यावर फूटपट्टीने हेल्मेट काढले आणि विचारले, “आता दुसरी फेरी कधी?”

“दुसरी फेरी नसते,” शेजारच्या सीटवरून त्याची आत्या म्हणाली. “तो रस्ता गेला. आता दुसरा रस्ता.”

“मग मी शिकणार कधी?”

“मी सांगते तेव्हा.”

फूटपट्टी हे नाव त्याला सर्किटवर, म्हणजे फेऱ्या मारायच्या डांबरी शर्यतमार्गावर, मिळाले होते. तिथे तो एकाच वळणाला साठ फेऱ्यांत साठ वेळा ब्रेक लावायचा, आणि त्या साठ खुणा एका फुटाच्या आत असायच्या. नोंदी मी स्वतः तपासल्या आहेत, अतिशयोक्ती नाही. पण ती स्पर्धामालिकाच बंद पडली आणि चौतिसाव्या वर्षी तो मातीच्या रस्त्यांवर आला. आत्या वीस वर्षे सहचालक होती. सहचालकाचे काम गाडी चालवण्याचे नाही. स्पर्धेआधी दोघे रस्त्याची हळू पाहणी करतात. चालक प्रत्येक वळणाचे वर्णन सांगतो, सहचालक वहीत लिहितो आणि स्पर्धेत ते वळण येण्याआधी वाचून दाखवतो. वळणांना एक ते सहा असे आकडे असतात. एक म्हणजे गाडी जवळपास उलटी फिरणार, सहा म्हणजे रस्ता जरासा कलणार.

संघाच्या मालकीणबाईंची अट स्पष्ट होती. तीन रॅली मिळतील. तिसऱ्या रॅलीत संघाच्या पहिल्या चालकापेक्षा दर किलोमीटरला सरासरी एक सेकंदाहून अधिक मागे राहिलास, तर सीट दुसऱ्याला. दुसरीकडून कुठून बोलावणे नव्हते, आणि हे त्याच्याइतकेच त्यांनाही ठाऊक होते.

पहिल्या दोन्ही रॅलींत फरक किलोमीटरला अडीच सेकंदांच्या आसपास राहिला.

कारणे सांगायला सगळेच पुढे आले. मेकॅनिक म्हणाला, सस्पेन्शन कडक आहे. मालकीणबाई म्हणाल्या, तो मातीला बिचकतो. आत्या म्हणाली, “लहानपणापासून कुणाचं ऐकायची सवय नाही त्याला.” गाडीतल्या नोंदींचे विश्लेषण हे माझे काम. पूर्वी मी भौतिकशास्त्र शिकवत असे, म्हणून इथे सगळे मला मास्तर म्हणतात. मी ब्रेकच्या दाबाचा आलेख आणि आत्याच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण एकाच वेळरेषेवर ठेवले. एका टप्प्यातल्या चौऱ्याहत्तर वळणांपैकी एकसष्ट वळणांवर त्याने ब्रेक आधी लावला होता आणि आत्याचे वाचन नंतर संपले होते. म्हणजे तो डोळ्यांना दिसेल तेवढ्यावरच चालवत होता. तीन कारणांपैकी आत्याचे कारण सत्याच्या सर्वांत जवळ होते. फक्त दोष ऐकणाऱ्याचा की ऐकवणाऱ्याचा, हे ठरायचे होते.

मी वही मागितली. एक नोंद अशी होती: उजवं तीन, ऐंशी मीटरवर ब्रेक, दुसरा गियर, आत दगड, बाहेर खडी, पुढे हळूहळू उघडणारं. चौदा शब्द. आत्या सेकंदाला चार शब्द वाचते, म्हणजे साडेतीन सेकंद. तेवढ्यात गाडी सत्त्याऐंशी मीटर पुढे जाते. त्या टप्प्यावर दोन वळणांतले सरासरी अंतर साठ मीटर होते.

“म्हणजे पाचव्या वळणापासून आत्या मागचंच वळण वाचतेय,” मी म्हणालो.

“मला कळत नव्हतं होय?” आत्या म्हणाली. “घसा फुटला माझा.”

“मग बोललीस का नाहीस?” फूटपट्टी उसळला.

“वही चालकाची असते. मी वाचते, सुधारत नाही. हाच नियम आहे, आणि तो मी तुझ्यासाठी मोडणार नाही.”

“अगं, सर्किटवर माझ्या नोंदींची तारीफ व्हायची!”

“तिथल्या लोकांना त्या खुर्चीत बसून वाचायच्या होत्या. मला हाडं खिळखिळी होत असताना वाचायच्या असतात.”

त्याला आकडे पटले, पण पटणे आणि वागणे यांत बरेच अंतर असते. म्हणून प्रयोग केला. कार्यशाळेतल्या रॅकच्या रांगांमधून त्याने टायरची ढकलगाडी न्यायची, हेल्मेटच्या काचेवर चिकटपट्टी, आणि मागून आत्या वाचणार. त्याच्या स्वतःच्या लांबलचक नोंदींवर तो चौथ्या वळणाला सुटे भाग धुण्याच्या टबात गेला. मेकॅनिकने टाळ्या वाजवल्या. मग प्रत्येक वळणाला चारच शब्द ठेवले, आणि तो न धडकता दारापर्यंत पोहोचला. चिकटपट्टी काढून त्याने मागे वळून पाहिले, तेव्हा आनंदापेक्षा संशयच अधिक दिसत होता.

“एकदाच झालंय,” तो म्हणाला.

“शहाणा आहेस,” मी म्हणालो. “आणखी नऊ वेळा कर.”

दहापैकी आठ वेळा जमले. उरलेल्या दोनांत टब पुन्हा भरावा लागला.

तिसऱ्या रॅलीचा पहिला टप्पा दहा किलोमीटरचा होता. तो एकवीस सेकंद मागे आला. मी वही उघडली. पाहणीत सांगितलेल्या आटोपशीर नोंदींच्या कडेला पेन्सिलीने बारीक अक्षरांत दगड, खड्डे आणि गियर भरलेले होते. अक्षर त्याचे होते.

“आणि तू हे वाचलंस?” मी आत्याला विचारले.

“लिहिलंय ते वाचलं.”

फूटपट्टी टायरवर बसला होता. “मास्तर, एकेक शब्द खोडला की वाटतं, तेवढा रस्ता आता मला माहीत नाही.”

“तो तुला आधीही माहीत नव्हता,” आत्या म्हणाली. “दोनदा पाहिलेला रस्ता. ओळख कसली त्याची? माझ्यावर भरवसा नाही, असं सरळ म्हण.”

दुसऱ्या टप्प्याला निघायला चौदा मिनिटे होती. त्याने मेकॅनिककडून खोडरबर मागून घेतला आणि वही मांडीवर घेतली. आत्या शेजारी उभी राहून पाणी पीत होती आणि मुद्दाम दुसरीकडे पाहत होती. एका नोंदीपाशी तो अडला. “इथला दगड राहू दे?”

“मला विचारू नकोस.”

दगड राहिला. गियर गेले.

दुसऱ्या टप्प्यावर चौदा किलोमीटरांत तो १२.६ सेकंद मागे होता, तिसऱ्यावर सोळा किलोमीटरांत आठ. तिसऱ्या टप्प्यात समोरच्या गाडीची धूळ इतकी होती, की गाडीतल्या कॅमेऱ्याच्या चित्रफितीत मला रस्ताच दिसेना. ब्रेक मात्र प्रत्येक वेळी आत्याच्या शब्दानंतर लागला होता.

मालकीणबाई आल्या. “किती, मास्तर?”

“चाळीस किलोमीटर, ४१.६ सेकंद. किलोमीटरला १.०४.”

“नाही झालं,” फूटपट्टी स्वतःच म्हणाला. “बाई, १.६ सेकंद जास्त. माझंच चुकलं. पहिल्या टप्प्याला.”

“पहिला टप्पा सोडला तर?” बाईंनी विचारले.

“०.६९,” मी म्हणालो. “पण नकोसा आकडा गाळून सरासरी काढण्याला आमच्याकडे चांगलं नाव नाही.”

“तुमच्याकडे नसेल. आमच्याकडे त्याला निवड म्हणतात. मधे बदललं काय?”

“गाडी तीच, टायर तेच, वहीतले शब्द कमी झाले. रस्ताही बदलला, त्यामुळे याहून जास्त मी बोलणार नाही.”

“खोडलं कोणी?”

“त्यानेच,” आत्या म्हणाली. “मी हातसुद्धा लावला नाही.”

मालकीणबाई त्याच्याकडे वळल्या. “पूर्ण हंगाम देणार नाही. अट म्हणजे अट. अर्धा देते, चार रॅली. नको असेल तर आत्ताच सांग.”

“हवाय!” तो इतक्या घाईने म्हणाला, की मेकॅनिक हसला.

“आणि अर्ध्यानंतर?” आत्याने विचारले.

“ते तेव्हा बघू.”

“बघू काय? चांगला चालवतोय पोरगा!”

फूटपट्टी चकित होऊन आत्याकडे वळला. तिने ओळीने तीन रॅली त्याच्याबद्दल इतके चांगले काही म्हटले नव्हते.

“आ वासून उभा राहू नकोस,” ती म्हणाली. “बाईंचा विचार बदलायच्या आत पेन शोध.”