प्लास्टर कोणत्या हाताला?

सेटवर तिला सगळे वहीताई म्हणायचे. तिच्या हातात सदान्‌कदा एक जाडजूड वही असायची आणि त्या वहीत जगातल्या सगळ्या फालतू गोष्टी असायच्या. कपाचा कान कोणत्या बाजूला होता, थोरल्या मुलाच्या शर्टाची किती बटणं उघडी होती, खिडकीचा पडदा किती बोटं सरकलेला होता. फालतू आपल्यासाठी हं! सिनेमाचं चित्रीकरण गोष्टीच्या क्रमाने होतच नाही. आज शेवट, उद्या मधलं, सुरुवात पुढच्या महिन्यात. मग माणूस दाराबाहेर निळ्या शर्टात आणि दाराच्या आत हिरव्या शर्टात असं होऊ नये, म्हणून हे सगळं टिपून ठेवणारं एक माणूस लागतं. त्या कामाला कंटिन्युइटी म्हणतात. कॅमेरावाल्याचं काम पडद्यावर दिसतं, लाइटवाल्याचं दिसतं, मेकअपवाल्याचं तर नाकावरच दिसतं. वहीताईचं काम मात्र चुकलं तरच दिसतं!

दोन सिनेमांत हाताखाली राबल्यावर हा तिचा पहिला स्वतंत्र सिनेमा होता. घरी तिच्या या कामाने सगळ्यांना पुरतं वेड लावलं होतं. "आई, काल या बरणीला निळं झाकण होतं," असं ती जेवता जेवता म्हणायची आणि धाकटी बहीण कपाळावर हात मारून घ्यायची. बाबांनी निक्षून सांगितलं होतं, "हा एक सिनेमा कर. धड झाला तर पुढे बघू. नाहीतर काकाच्या चष्म्याच्या दुकानात काउंटरला उभी राहा, तो केव्हाचा माणूस शोधतोय." काकांचं दुकान तसं वाईट नव्हतं, एसी होता. पण दिवसभर लोकांना "आता खालची ओळ वाचा" म्हणायचं, या विचारानेच वहीताईला जांभया यायच्या.

त्या दिवशी शेडमध्ये उभारलेल्या बैठकीच्या खोलीत चित्रीकरण होतं. सिनेमाची गोष्ट अशी: एका आजोबांचे दोन मुलगे एकमेकांशी भांडून वेगळे झालेत. त्यांना एकत्र आणायला आजोबा जिन्यावरून पडल्याचं सोंग करतात आणि हाताला खोटं प्लास्टर घालून बसतात. मुलगे धावत येतात, सूप भरवतात, आणि मग शेवटी सोंग उघडं पडतं. ते उघडं कसं पडतं हाच घोळ होता. लेखकाने लिहिलं होतं की डॉक्टरांचा फोन येतो आणि डॉक्टर दोन पानं बोलतात. हा त्याचा सहावा प्रयत्न होता. दिग्दर्शकबाईंना तो अजिबात पटला नव्हता, पण सीन दुपारी चार वाजता घ्यायचाच होता, कारण थोरल्या मुलाचं काम करणाऱ्या नटाचं संध्याकाळी विमान होतं. लेखक बिचारा सकाळपासून सेटवरच्या खोट्या जिन्यावर बसून पेन्सिल चावत होता.

आजोबांचं काम करणारे नट खरंच चौऱ्याहत्तर वर्षांचे होते आणि त्यांना सगळे आजोबाच म्हणायचे. प्लास्टर मेकअपदादांनी बनवलेलं, खालून चिकटपट्टी असलेलं. मोज्यासारखं घालायचं, काढायचं. सकाळी ते घालताना आजोबा म्हणाले, "डाव्या हाताला होतं ना गं पोरी, त्या गेटपाशी?"

"उजव्या, आजोबा." वहीताईने टेचात वही उघडून दाखवली. "हे बघा, प्लास्टर उजवा हात. आणि हा फोटो."

"मला आपलं डावं वाटत होतं."

"वही खोटं बोलत नाही, आजोबा!"

"मग माझा हातच खोटं बोलत असणार," म्हणत आजोबांनी गुमान उजवा हात पुढे केला.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत तीन शॉट झाले. आजोबांच्या उजव्या हाताला प्लास्टर, दोन्ही बाजूंना दोन मुलगे, मध्ये सुपाचा वाडगा. एकदम झकास! वहीताई ताट घेऊन कोपऱ्यात बसली आणि सहज म्हणून दोन आठवड्यांपूर्वीचं गेटचं पान चाळू लागली. त्या दिवशी एका खऱ्या बंगल्याच्या गेटपाशी टॅक्सी येते, मुलगे आणि नात उतरतात, आजोबा सामोरे येतात, एवढंच घेतलं होतं. तिने तिथल्या तिथे उभ्या उभ्या टिपलं होतं, 'नात आजोबांचा उजवा हात धरून आत जाते. बोटांत बोटं.'

घास तोंडातच राहिला.

उजव्या हाताची बोटं धरायची तर उजवा हात मोकळा हवा. आणि उजव्या हाताला तर प्लास्टर!

तिने मोबाइलमधला त्या दिवशीचा फोटो उघडला. खुर्चीत आजोबा, प्लास्टर, शेजारी मेकअपदादा. तिने फोटो मोठा केला. दादांच्या टी-शर्टवरची अक्षरं वाचायला गेली आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. अक्षरं उलटी होती. आता तिला सगळं आठवलं. आजोबा आरशासमोर बसले होते, बाहेरून कुणीतरी "उजेड चाललाय, चला चला" म्हणून ओरडत होतं, आणि तिने पाठीमागूनच आरशाचा फोटो काढला होता. प्लास्टरचा रकाना 'मग लिहू' म्हणून मोकळा सोडला आणि नंतर त्या फोटोवरून भरला!

तरी खात्री म्हणून ती मेकअपच्या खोलीत पळाली. तिथे जादाचं प्लास्टर पडलं होतं. तिने डाव्या मनगटावरचं घड्याळ काढून उजव्यात अडकवलं, डाव्या हातात प्लास्टर चढवलं आणि आरशासमोर खुर्चीत बसून फोटो काढला. दोन फोटो शेजारी शेजारी धरले. अगदी हुबेहूब!

"काय गं, तुलाही पडायची हौस आली?" दारातून मेकअपदादा हसले. त्यांच्या हातात चहाचा कप होता.

"दादा, मी मेले."

"मेलीस तर मेलीस, प्लास्टर जागेवर ठेव." आणि ते चहा फुंकत निघूनही गेले.

गेटचा सीन पुन्हा घेणं शक्यच नव्हतं. त्या बंगल्याला मागच्या आठवड्यात पोपटी रंग लागला होता. चित्र आरशासारखं उलटं करून टाकावं म्हटलं तर टॅक्सीची नंबरपाटी समोर ठळक. सकाळचे तीन शॉट पुन्हा घ्यावेत तर थोरल्या मुलाचं विमान. गप्प बसावं? महिनाभर कुणाला कळणार नव्हतं. मग एडिटिंगच्या खोलीत कळलं असतं, तोवर तिचा निरोप समारंभही झाला असता. पण "मग माझा हातच खोटं बोलत असणार" हे आजोबांचं वाक्य तिच्या कानांतून जाता जात नव्हतं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने स्वतःच्या हातापेक्षा तिच्या वहीवर विश्वास ठेवला होता.

ती सरळ दिग्दर्शकबाईंपुढे जाऊन उभी राहिली. बाई, आजोबा आणि लेखक बैठकीच्या खोलीतच बसले होते.

"मॅडम, माझी चूक झाली. प्लास्टर डाव्या हाताला होतं. मी आरशातला फोटो बघून उजवा लिहिलं. सकाळचे तिन्ही शॉट चुकलेत."

बाईंनी चष्मा काढला आणि ओढणीने पुसायला लागल्या. बाई चष्मा पुसू लागल्या की अख्ख्या युनिटला अचानक आपापली कामं आठवत. दिवे लावणारे दिव्यांकडे वळले, आवाजवाल्याने कानांवर हेडफोन चढवले. वहीताईला त्या चष्म्याच्या जागी काकांचं अख्खं दुकान दिसत होतं, पाचशे फ्रेम, भिंतभर.

"तिन्ही?" बाई म्हणाल्या.

"तिन्ही. आजोबांनी सकाळी विचारलंही होतं. मीच ठासून सांगितलं."

"विचारलं होतं मी," आजोबा म्हणाले आणि खो खो हसायला लागले. "अरे, ही तर गंमतच झाली! म्हणजे म्हातारा रात्री प्लास्टर काढून मजेत झोपला आणि सकाळी मुलांच्या घाईत भलत्याच हातात घालून बसला! मी असतो तर हेच केलं असतं."

जिन्यावर पेन्सिल चावायचा आवाज थांबला.

"परत बोला," लेखक म्हणाला.

"काय परत बोला? भलत्या हातात घालून बसला!"

लेखक तीन पायऱ्या एकदम उतरला. तो खोटा जिना असल्याने तिसरी पायरी कचकन वाजली. "गेटचा सीन आदल्या संध्याकाळचा आहे. हा दुसऱ्या दिवशी सकाळचा. मध्ये एक रात्र आहे! बाई, डॉक्टर गेला खड्ड्यात. म्हातारा इथेच पकडला जातो!"

बाईंचं चष्मा पुसणं थांबलं. "पकडतं कोण? थोरला?"

"थोरला किंवा धाकटा. तो म्हणतो, बाबा, काल तर..."

"मुलगे नाही पकडणार," वहीताईच्या तोंडून निघून गेलं. मग तिने जीभ चावली, पण आता बोलून झालंच होतं. "म्हणजे, ते दोघं कालपासून एकमेकांकडेच रागाने बघतायत. आजोबांकडे कुणी नीट बघितलेलंच नाही. गेटपाशी त्यांचा हात फक्त नातीने धरला होता. उजवा. बोटांत बोटं. हे मी डोळ्यांनी बघून लिहिलंय, फोटोवरून नाही."

"मग?"

"मग आजही ती त्यांना अंगणात न्यायला येईल ना. त्याच बाजूने. सवयीने हात धरायला जाईल..."

"...आणि तिथे प्लास्टर!" लेखक ओरडला. "मग ती दुसऱ्या बाजूला जाते. तो हात मोकळा. ती वर बघते."

"आणि काही बोलत नाही," बाई म्हणाल्या.

"एक अक्षरही नाही," लेखक म्हणाला, आणि आपली दोन पानं अशी काही टराटरा फाडली की आवाजवाल्याने हेडफोन काढून बघितलं.

आजोबांनी वहीताईला जवळ बोलावलं. "बघ, हात खरं बोलत होता."

"हो आजोबा. सॉरी."

"सॉरी काय? चौऱ्याहत्तराव्या वर्षी एवढा भारी सीन कुणी दिला नव्हता मला."

चार वाजता सगळे जागेवर उभे राहिले. नातीचं काम करणारी सात वर्षांची पिटुकली वाट बघून बघून जागच्या जागी उड्या मारत होती. कॅमेरा लागला, दिवे लागले, आणि वहीताईने शेवटची नजर फिरवली. पडदा चार बोटं, वाडगा अर्धा, प्लास्टर...

प्लास्टर डाव्या हाताला!

"थांबा!" ती इतक्या जोरात ओरडली की पिटुकली उडी मारायची विसरली. "कुणी बदललं?"

"मी," मेकअपदादा अभिमानाने पुढे आले. ते चहा संपवून नुकतेच परतले होते. "बाहेर कळलं, डावा बरोबर, उजवा चूक. म्हटलं, पोरीची नोकरी जायची, गुपचूप दुरुस्त करून टाकू."

"दादा, चुकीच्या हातात घाला हो!"

"अगं, चुकीच्या हातातून तर काढलंय!"

"तोच हात बरोबर आहे आता!"

दादांनी आजोबांकडे बघितलं, आजोबांनी हसू दाबत उजवा हात पुढे केला. "घाला बाबा. आज वही आणि हात, दोघांचं एकमत आहे."

मग शॉट झाला. पिटुकली धावत आली, हात पुढे केला, प्लास्टरला तिची बोटं टेकली. ती थबकली. मागून वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली, मोकळा हात धरला, आणि आजोबांकडे वर बघितलं. आजोबांचे डोळे आधी घाबरले, मग विनवू लागले. पिटुकलीने हळूच मान डोलावली. मागे दोन्ही मुलगे एकाच वाडग्यातलं उरलेलं सूप पीत होते. त्यांना कशाचा पत्ताच नव्हता! एकाच टेकमध्ये ओके. दिवे लावणाऱ्यांनीच सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या.

बाई वहीताईकडे आल्या. "वही दे."

वहीताईने वही दिली.

बाईंनी एका कोऱ्या पानावर मधोमध उभी रेघ मारली. "इकडे, रात्रीच्या आधी डावा. इकडे, रात्रीनंतर उजवा. अजून अकरा दिवस चित्रीकरण आहे. ही चूक आता आपली आहे, ती नीट सांभाळायची. चुकीत चूक झालेली मला चालणार नाही."

"म्हणजे मी... आहे?"

"मग प्लास्टर कोण बघणार, मी?" बाईंनी वही परत दिली. "पुढचा सिनेमा पावसाळ्यानंतर आहे, तारखा मोकळ्या ठेव. आणि आरशाचा फोटो काढलास तर तुझी खैर नाही."

वहीताई घरी पोचली तेव्हा धाकटी सोफ्यावर आडवी पडून फोनवर बोलत होती. तिने फोनवर हात ठेवला. "काका आहेत. विचारतायत, एक तारखेपासून येतेस का?"

"सांग, एक तारखेला शूटिंग आहे. आणि त्यानंतरही आहे!"

"ऐकलंत ना काका? नाही म्हणतेय." धाकटीने फोन ठेवला आणि डोळे बारीक करून ताईकडे बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला, जणू ती वर्षानुवर्षं याच क्षणाची वाट बघत होती.

"ताई, सकाळी जाताना घड्याळ डाव्या हातात होतं ना गं?"