नववं गाणं बसेना

रेकॉर्डिंग करणारी ती बाई बँडमधल्या तिघांचीही मावशी होती. सख्खी भाची म्हणजे फक्त ड्रम वाजवणारी. बाकीच्या दोघांनी नातं फुकटात लाटलं होतं. आपल्या दोन खोल्यांत, भिंतींना जुन्या गाद्या ठोकून, तिने या पोरांची आठ गाणी रेकॉर्ड केली होती. आणि काय गाणी, बाप रे! गिटारचा खरखरीत, जाडजूड आवाज भिंतीसारखा उभा राहायचा आणि त्याच्या पलीकडून गिटारवाला लंबू गायचा, अर्धा बुडाल्यासारखा. उदास म्हणावं तर ऐकणाऱ्याचे पाय काही स्वस्थ बसायचे नाहीत.

राहिलं होतं नववं, शेवटचं. आणि भाची आज साडेचार वाजता निघणार होती, दोन वर्षांच्या नोकरीवर, समुद्रापलीकडे. दुसरा ड्रमर घ्यायचा? छे, तिघांसमोर तसं नाव काढायची सोय नव्हती. आज झालं तर झालं, नाहीतर अल्बम लटकला.

सकाळपासून अकरा टेक झाले. ठोके बरोबर, शब्द बरोबर, पण जीव म्हणून नाही. पाहुण्यांसमोर बसवलेल्या शहाण्या मुलासारखं गाणं! साडेतीनला लंबूचा तोल गेला.

"हिचं लक्षच नाहीये. बाईसाहेब केव्हाच विमानात जाऊन बसल्यात!"

भाचीने काठ्या खाली ठेवल्या. "अकरा वेळा वाजवलंय मी. हाताला फोड आलेत, बघ." बेस वाजवणाऱ्या मुक्याने मलमाची ट्यूब तिच्यापुढे सरकवली. तो मुका वगैरे नव्हता, पण आठवड्याला चार वाक्यं म्हणजे त्याची चैन.

मावशीचं डोकंच फिरलं. "गप्प बसा रे सगळे! कान द्या जरा इकडे."

आठवं गाणं गिटारच्या लांबत जाणाऱ्या घुमाऱ्यावर संपायचं आणि त्यातूनच नववं उगवायचं, असं ठरलेलं. पण आज सगळे नववं सुटंच ऐकत बसले होते. तिने आठव्याचं शेपूट काढलं आणि त्याला अकरावा टेक चिकटवला. सांधा आला आणि चौघांचीही तोंडं आंबट झाली. नववं गाणं चांगलंच वरच्या सुरात होतं.

"लंबू, गिटार कशावर लावलीस?"

"सूर जुळवायचा नवा ट्यूनर आणलाय ना! एकदम अचूक. मुक्याचा बेसही मीच लावून दिला."

मावशीने कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या! आठही गाणी बाहेरच्या खोलीतल्या माझ्या जुन्या पियानोच्या सुरावर लावली आपण. त्याचे सूर उतरलेले, म्हणून आपणही उतरलो. त्या सैल तारांमुळे तर ती घरघर येते! आणि आज तू एकटा अचूक व्हायला निघालास?"

लंबूचा चेहरा पार पडला. "चुकलो गं," तो भाचीला म्हणाला. "वाटलं, शेवटचं तरी नीट व्हावं."

"माफी नंतर माग. आधी तारा सोड!"

चार वाजून वीस मिनिटांनी बारावा टेक सुरू झाला. पहिल्याच झंकाराला मावशीच्या अंगावर काटा आला. तारा गुरगुरल्या, बेस पोटात शिरला, आणि भाची, अहाहा, तुटून पडली नुसती! मुका चक्क ओरडला. हे त्याचं आठवड्यातलं पहिलं वाक्य.

शेवटची झांज विरली आणि खाली गाडीचा भोंगा वाजला. भाचीचे वडील तिला न्यायला आले होते.

"ऐकायला वेळ नाही गं मावशी," भाची म्हणाली. तिने दोघांना घट्ट मिठी मारली, बॅग उचलली आणि डोळे पुसत जिना उतरली.

मावशीने खिडकीवरची गादी उपटली, तावदानं सताड उघडली, दोन्ही स्पीकर रस्त्याकडे वळवले आणि गाणं लावलं. फाटकाशी भाचीचा एक पाय गाडीत होता. तो तिने बाहेर काढला. वडिलांनी घड्याळ बघितलं, लेकीकडे बघितलं आणि इंजिन बंद केलं.

ती मान वर करून ऐकत होती, ओल्या गालांनी हसत होती.

"मावशी," ती खालून ओरडली, "अजून वाढव!"