रिकामं घर

अग्निशमन केंद्राच्या प्रमुखांनी ओल्या पाइपाचं एक टोक मुलीच्या हातात दिलं. "धर घट्ट. आणि बोल आता."

मुलगी त्यांच्या जुन्या सहकाऱ्याची. आग विझवताना तो गेला तेव्हा ती लहान होती. आता तिला नर्सिंगला जायचं होतं. कामावर जीव गेलेल्यांच्या मुलांच्या कॉलेजचा खर्च सरकार करत असे. अर्जावर प्रमुखांची सही तेवढी हवी होती. पण ती अर्ज कोराच ठेवायचा म्हणत होती.

"बाबांनी एका म्हातारीला वाचवलं, असं आई सांगते. मी त्या घरी जाऊन आले, काका. आत कोणी नव्हतंच. आजी आधीच मागच्या दारानं शेजारी गेल्या होत्या. मग मी कुठल्या तोंडानं घेऊ?"

प्रमुखांचे हात थांबले.

"खरंय," ते म्हणाले. "त्यांची लेक ओरडत होती, आई आत आहे म्हणून. मी म्हटलं, छप्पर टिकायचं नाही, थांब. ऐकेल तर तुझा बाप कसला."

तेवढ्यात घंटा वाजली. पाइप तिच्याच हातात सोडून सगळे गाडीकडे धावले.

ती तिथेच उभी राहिली. मग तिनं तो जड पाइप जमेल तसा गुंडाळला. वेडावाकडा झाला, पण झाला.

गाडी परत आली तेव्हा तिनं विचारलं, "काय होतं?"

"घरात चिटपाखरूही नाही," चालक उतरता उतरता म्हणाला. "शेगडीवर भांडं करपलेलं."

"म्हणजे फेरी फुकटच."

"अगं, घर रिकामं निघालं की त्या दिवशी जेवण गोड लागतं." तो तोंड धुवायला निघून गेला.

मुलगी प्रमुखांकडे वळली.

"बाबांना कळलं असेल का, आत कोणी नाही ते?"

"शेवटच्या खोलीपर्यंत पोचला होता तो," प्रमुख म्हणाले. "कळलं असणार."

तिनं पिशवीतून अर्ज काढला, गाडीच्या पायरीवर ठेवून तळहातानं सरळ केला. प्रमुखांनी सही केली.

फाटकाशी जाऊन ती मागे वळली. "काका, मला कळलंय हे आईला सांगू नका. तिला तेवढाच आधार आहे."

"बरं," प्रमुख म्हणाले.

तिच्या आईलाही त्यांनी एकदा असंच 'बरं' म्हटलं होतं. पोरीला कळू देऊ नका, एवढंच सांगायला ती तेव्हा आली होती.