धुळाचा हात

"पुन्हा लावा," इन्स्पेक्टर म्हणाले, आणि नाथाजीनं सुई उचलून सातव्यांदा तबकडीच्या काठावर ठेवली.

शेरेखडीच्या पोस्टाचं दार आतून लावून घेतलं होतं. खिडकीच्या गजांना मात्र निम्मं गाव चिकटलं होतं. आत चौघंच. जिल्ह्याहून जीपनं आलेले खात्याचे इन्स्पेक्टर. लग्नात कर्णे लावणारा नाथाजी, कारण गावात फोनो एकट्या त्याच्याकडे. सैन्याच्या तारा पाठवणाऱ्या सिग्नल तुकडीतून हवालदार होऊन परतलेले लालासाहेब, कारण हे सगळं लचांड त्यांच्याच अर्जानं उभं राहिलं होतं. आणि तारमास्तर भूपाल मगदूम, ज्यांच्या नावानं ती तबकडी थेट स्वीडनहून आली होती. भूपालना निवृत्तीला दोन महिने उरले होते.

तबकडीतून आधी घरघर आली, बोअरच्या मशीनची. मग पत्र्यावर खडे पडावेत तसे ठोके, पेटीसारखा पण पेटीचा नव्हे असा एक लांबच लांब सूर, त्यावर कुणी बाई गारठल्या आवाजात काहीतरी म्हणायची. आणि तिच्या मागून एक बारीक शिट्टी तुटत तुटत यायची.

"ह्येच," लालासाहेब ताठ झाले. "ही तारच हाय साहेब. अठरा वर्सं ह्याच कानानं ऐकलीया."

"काय म्हणतेय ती तार?"

"पाऊस. न्हाई. जेव." लालासाहेबांनी कागदावरून वाचलं. "एवढंच. परत परत."

इन्स्पेक्टरांनी तीन शब्द वहीत उतरवले आणि त्यांच्याभोवती चौकट काढली. आणीबाणीचे दिवस होते. साध्या शब्दाकडे साध्या नजरेनं बघायची सोय उरली नव्हती. "पाऊस म्हणजे काय, मगदूम?"

"पाऊस म्हणजे पाऊसच साहेब."

"परदेशी माणूस सरकारी तारघरातून तीन शब्द नेतो, त्याची रेकॉर्ड काढतो, जगभर विकतो, आणि ते शब्द पाऊस, नाही, जेव? मला काय दूधखुळा समजता?" त्यांनी तबकडीचं वेष्टन उलटंसुलटं केलं. त्यावर माळरान होतं आणि तारेचे खांब एकामागे एक लांब गेलेले. "हा खांबाचा नंबर वाचता येतो इथं. सरकारी मालमत्तेचा फोटो. ही कुणाची तार होती, सांगून टाका. लोकांची तार बाहेर फोडली तर बडतर्फी आहे, पेन्शन विसरा. सध्याच्या दिवसांत आतही जाल."

भूपालच्या उजव्या हाताचं मधलं बोट मांडीवर हलत होतं. ते त्यांनी दुसऱ्या हातानं धरून ठेवलं.

बहात्तरच्या दुष्काळात हा स्वीडनचा निल्स आटपाडीकडच्या गावांत बोअर मारायला आला. उंच, लाल मानेचा. दिवसभर भोकं पाडायचा आणि सुटी मिळाली की खांद्याला टेपचं यंत्र लावून हिंडायचा. कोरड्या विहिरीत खडा टाकून त्याचा आवाज घ्यायचा. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायांच्या हातोड्या तासभर टिपत बसायचा. गावाला याचा संशय येणारच. कुणी म्हणालं, हा जमिनीतलं पाणी ऐकून आपल्या सरकारला कळवतो. कुणी म्हणालं, आवाज नेला की माणूस झिजतं. मग त्या बायांतल्या धोंडुबाईनं हातोडी टाकली आणि आठ दिवस कामावर आलीच नाही. झिजली वगैरे काही नाही, माहेरी जाऊन आली.

सुटे भाग मागवायला निल्स मुंबईला तारा करायचा, तेव्हा भूपालचं टेबल त्यानं पाहिलं. ठोके मारायची पितळेची की, पलीकडचे ठोके खटखट वाजवणारा लाकडी खोक्यातला साउंडर आणि आवाज मोठा यावा म्हणून त्याच्यामागं उभा केलेला तंबाखूचा रिकामा डबा. त्या डब्यावर तर तो खुळावलाच. "मला हा आवाज द्या," असं तो इंग्रजीत म्हणायचा आणि भूपाल रोज नियम दाखवायचे. तारखोलीत बाहेरच्या माणसानं पाऊल टाकायचं नाही. पण गावात तीन भोकं कोरडी गेल्यावर चौथ्याला पाणी लागलं. त्या दिवशी बायका चिखल तोंडाला लावून हसत होत्या. त्या दिवशी त्याला नाही म्हणणं भूपालच्या जिभेवर आलं नाही.

लोकांची तार मात्र त्यांनी त्याला ऐकू दिली नाही. पावणेसहा वाजेपर्यंत थांबवून ठेवलं. त्या वेळी कामाच्या तारा संपत आणि पलीकडून धुळा येई.

धुळा बंडगर हा जिल्ह्याच्या गावी, तारघरात बसायचा. राहायचा तासगावात. एकोणीस वर्षं दोघं एकाच तारेच्या दोन टोकांना होते आणि भेटले एकदाच, खात्याच्या एका परीक्षेला, तिथंसुद्धा ओळख पटली ती दोघांनी बाकावर बोटं वाजवली म्हणून. तारवाल्याला तोंडाची गरज नसते. प्रत्येकाचा हात वेगळा, ठोके मारायची ढब वेगळी. धुळा मेंढरं वळता वळता शाळा शिकलेला; शब्दाचा शेवटचा ठोका तो ओढायचा, लांब गेलेल्या मेंढराला हाक मारावी तसा. हजार हातांतून भूपालनी तो ओळखला असता.

दुष्काळात धुळा रोज दिवस कलताना विचारायचा, "पाऊस?" भूपाल कळवायचे, "नाही." मग धुळाचा शेवटचा शब्द यायचा, "जेव." भूपाल जैन, सूर्य मावळायच्या आत त्यांचं ताट उठलं पाहिजे, हे त्याला माहीत होतं. लाइन तोच आधी बंद करायचा. सरकारी तारेवर खाजगी बोलणं हा गुन्हा खराच. पण तीन शब्दांनी सरकारची तार झिजते असं दोघांनाही कधी वाटलं नाही.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर एका सोमवारी पलीकडचा हात बदलला. नवा हात स्वच्छ होता, पुस्तकातल्यासारखा. भूपालनी विचारलं, "धुळा?" उत्तर आलं, "मयत." आणि त्याला जोडूनच त्या दिवसाची पहिली तार. त्यानंतर भूपालना पावसाचं कुणी विचारलं नाही. पुढच्या साली पाऊस बरा झाला, तो कुणाला सांगावा हा प्रश्नच होता.

आणि आता, दोन वर्षांनी, हे पार्सल. सोबत निल्सचं पत्र. तुमच्या ठोक्यावर आम्ही गाणं केलं, टेपचे तुकडे कातरून जोडायला चौदा महिने लागले. खटक्याच्या जागी मशीनचा सूर बसवला, पण प्रत्येक ठोक्याची लांबी होती तीच ठेवली. इकडे तरुण पोरं त्यावर नाचतात. एका पेपरवाल्यानं मात्र लिहिलं की काम सुबक आहे, पण सगळं यंत्राचं. माणसाचा हात यात कुठंच लागलेला नाही.

भूपाल तबकडी घेऊन बाजाराच्या दिवशी नाथाजीच्या दुकानात गेले. नाथाजीच्या फोनोला कर्ण्याशिवाय आवाज फुटत नसे आणि कर्णा दुकानाच्या माथ्यावर. म्हणून अख्ख्या बाजारानं ते ऐकलं. शेरडंसुद्धा कान टवकारून उभी राहिली. आणि कर्ण्यातून, मेलेल्या धुळानं, सगळ्या बाजाराच्या डोक्यावरून विचारलं, "पाऊस?"

भूपाल पायरीवर बसले. त्यांच्या बोटानं गुडघ्यावर "नाही" मारलं, त्यांना न विचारता. समोरच्या हॉटेलात लालासाहेबांच्या हातातली बशी मात्र वाटेतच थांबली होती. सैन्यातून आलेला माणूस. परदेशी गाण्यात तार ऐकली म्हटल्यावर त्यांनी त्याच दिवशी जिल्ह्याला अर्ज धाडला.

सातव्यांदा तबकडी संपली तसे इन्स्पेक्टर पाणी प्यायला आणि ड्रायव्हरला काही सांगायला बाहेर गेले. नाथाजी वायर गुंडाळायच्या निमित्तानं कोपऱ्यात सरकला. लालासाहेब खुर्ची ओढून भूपालच्या अगदी जवळ आले.

"मास्तर, ह्यात दोन हात हायेत. साहेबास्नी मी अजून बोललो न्हाई. इचारतोय त्यो कोन?"

भूपालनी त्यांच्याकडे बघितलं. अर्ज करणारा हाच, आणि आता कानाशी लागणाराही हाच. आपल्याकडून काढून घेऊन साहेबांच्या पुढ्यात ठेवणार नाही कशावरून? पण दोन हात ओळखणाऱ्याला थाप पचणार नव्हती.

"धुळा बंडगर. वारला तो. पाऊस विचारायचा रोज." भूपालनी खिडकीकडे बघून आवाज उतरवला. "त्याची बायको बनाबाई. त्याच्या जागी शिपाई म्हणून घ्या म्हणून तिचा अर्ज हाय. ह्याच साहेबांच्या टेबलावर पडलाय. ह्या लफड्यात धुळाचं नाव लागलं की त्यो अर्ज गेला म्हणून समजा."

"आनि ह्याच्यावर मी इस्वास ठिवायचा?"

"नका ठेवू."

लालासाहेबांनी मिशी चावली. तोवर इन्स्पेक्टर आत आले होते.

"मला हा सवाल-जवाब वाटतो," ते उभ्यानंच म्हणाले. "एक विचारतोय, दुसरा सांगतोय. पलीकडं कोण आहे? हवालदार, तुम्ही सांगा. माणसं किती?"

फोनोवर तबकडी नुसतीच फिरत होती. खिडकीतली डोकी आणखी आत आली. भूपालनी डोळे मिटून घेतले.

"सवालबी ह्यांचाच, जवाबबी ह्यांचाच," लालासाहेब म्हणाले. "हात एकच हाय साहेब. म्हातारा एकटाच बोटं चालवत बसला असंल, त्या गोऱ्याला दावायला."

"तुमच्या अर्जात तर सरकारी तारा बाहेर चालल्यात असं होतं."

"अर्ज हाटेलातनं ऐकून केला. आता जवळनं ऐकलं."

इन्स्पेक्टरांचा संशय काही फिटला नाही, पण हातात धरायला दुसरं काही उरलं नाही. त्यांनी लिहिलं ते थोडक्यात असं: परक्या माणसाला तारखोलीत घेतलं, सरकारी यंत्र खाजगी करमणुकीला वापरलं. ठपका ठेवण्यात येतो. उरलेले दोन महिने मगदूम यांनी कीला हात लावायचा नाही, तिकीट विक्रीवर बसायचं. आटपाडीहून बदली माणूस येईल. तबकडी आणि पत्र जप्त.

भूपालनी सही केली. "साहेब, ती रेकॉर्ड... फाइलीचं काम झाल्यावर..."

"ती कशाला हवीय तुम्हाला? पाऊस, नाही, जेव?"

"असू दे," भूपाल म्हणाले.

जीप गेली, गाव पांगलं. लालासाहेब पायरीवर चपला घालत रेंगाळले. "माजा वहीम पुरता गेल्याला न्हाई, सांगून ठिवतो," ते दुसरीकडे बघत म्हणाले. "लडाईत आमी दुस्मानाच्या तारा ऐकायचो. त्यातला एक हात साल-दीड साल ऐकला. एक दिस त्यो यायचा थांबला. जेवन गेलं न्हाई मला त्या दिशी." आणि चालू लागले.

पुढच्या रविवारी भूपाल एस.टी.नं तासगावला गेले. विचारत विचारत बंडगरांचं घर सापडलं. बनाबाई ओसरीत पोत्यावर बेदाण्यांचा ढीग घेऊन काड्या वेचत बसली होती. व्यापाऱ्याचं काम. तिनं पदर सारखा केला, पण उठली नाही.

"पोस्टातनं आलोय. शेरेखडीचा तारमास्तर."

"कशापायी? कागद समदं दिल्यात की." तिचे डोळे बारीक झाले. "अर्जाचं काय झालं का? आधीबी अर्ज बगायला एक जन येऊन इचारून गेला, नवरा कसा व्हता, कुनाबर बोलायचा. मी काय बी सांगितलं न्हाई."

"अर्जासाठी नाही आलो. अर्ज ठीक हाय." आणि पुढं काय सांगावं ते भूपालना सुचेना. परदेशातली पोरं तुझ्या नवऱ्याच्या ठोक्यावर नाचतात, हे या बाईला कुठल्या तोंडानं सांगायचं? तबकडीही हातात नव्हती. "मी अन् धुळा... तारेवर बोलायचो."

"असं कोनबी म्हनंल," बनाबाई म्हणाली आणि पुन्हा काड्या वेचू लागली.

भूपाल खांबाला टेकून बसले. दुसऱ्याचा हात मारता येत नाही, हे त्यांनी जन्मभर शिकाऊ लोकांना सांगितलं होतं. पण त्या दिवशी सात वेळा तो ऐकला होता. त्यांनी बोट ओसरीच्या लाकडी खांबावर ठेवलं आणि धुळासारखं मारलं. जेव. शेवटचा ठोका ओढून.

बनाबाईचा हात बेदाण्यांत थांबला.

त्यांनी पुन्हा मारलं. ती उठली, आत गेली. भूपालना वाटलं, चुकलं आपलं, उठावं. तेवढ्यात ती आली. तिच्या हातात एक जुनी पितळी होती, जेवायची, काठाशी एकाच जागी झिजून लखलखीत झालेली. तिनं ती पालथी करून भूपालच्या पुढ्यात ठेवली.

"लाकडावर न्हाई," ती म्हणाली. "ह्याच्यावर वाजवायचं ते रोज. भाकरी हुईस्तवर."