फुलल्यावर खणलेलं कडूमूळ

हिवाळ्यातल्या दुखण्यात आमच्या फिलोमीन मावशीच्या तोंडाची चव गेली ती गेलीच. हरणाचं मटण द्या नाहीतर बटाटा, तिला सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं लागायचं. शेवटी म्हणाली, "मे महिन्यात कडूमूळ आणा. त्याचीही चव लागली नाही, तर मला जेव म्हणायचं नाही."

मे महिन्यात बायका दरवर्षीसारख्या माळावर ते मूळ खणायला गेल्या. तिच्या लेकीनं, मरी-लुईझनं, पांढरीशुभ्र मुळं सोलून शिजवून दिली. मावशीनं दोन घास चावले आणि वाटी सरकवली. तेव्हापासून नुसत्या पातळ सारावर होती.

मी म्हटलं, "तुमची जागाच चुकली. मी आणतो."

"तू?" मरी-लुईझ म्हणाली. "बरोबर चल म्हटलं तर गुडघा दुखत होता तुझा."

गुडघा कसला दुखतोय. अठ्ठावन्न वर्षं या माळावर काढली, तरी फुलाशिवाय ते रोप मला ओळखता येत नाही, आणि हे चारचौघींत उघडं पडलं असतं. म्हणून पंधरा दिवस थांबलो. खडकाळ जमिनीला चिकटून गुलाबी फुलं उमलली, तेव्हा एकटाच गेलो, खणण्याआधीची प्रार्थना तेवढी नीट म्हटली आणि पिशवी भरली. फुलल्यावर मूळ खणायचं नाही, साल सुटत नाही आणि ते कडूजहर होतं, हे आमच्या जमातीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मला वाटलं, थोड्या उशिरानं काय होतंय.

साल निघेना. नखं तुटली, मग बटाट्याचं सोलणं घेतलं. पिशवीभर मुळांचा शिजवून वाटीभर तपकिरी लगदा उरला. चाखून बघितला आणि धावत जाऊन चूळ भरली. टाकूनच देणार होतो, पण मावशीनं खिडकीतून पाहिलं होतं.

"आण इकडे, इनियस."

तिनं घास घेतला. चेहरा असा वाकडा झाला की मरी-लुईझ पाणी घेऊन पळत आली. मावशीनं तिला हातानं थांबवलं.

"फुलल्यावर खणलंस ना, गाढवा?"

"हो, मावशी."

"सालही राहिलंय."

"हो."

"कडू विष झालंय नुसतं," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, लाजेनं म्हणा नाहीतर भीतीनं. मी वाटी उचलायला गेलो, तर तिनं ती घट्ट धरून ठेवली.

"हात काढ," मावशी म्हणाली. "जेवतेय मी."